वय दिसू लागले म्हणून मागे सरायचे का?

फोंडा तालुक्यातील एका ५२ वर्षांच्या भगिनीचे पत्र आले आहे. ते जसेच्या तसे छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे त्यातील आशय तेवढा येथे देते. त्या सरकारी कार्यालयात नोकरी करतात. पाळी जाऊन दोन वर्षे झाली. एवढ्या काळात पोट सुटले, दंड सैल पडले, हनुवटीवर दोनचार राठ केस येऊ लागले आणि माथ्यावरचे केस विरळ होऊन भांग रुंद दिसू लागला. गेल्या मे महिन्यात भाच्याच्या लग्नातला एक व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. त्यात पाठमोरी बसलेली एक बाई पाहून ‘ही कोण?’ असा प्रश्न त्यांना पडला आणि साडीवरून ती आपणच असल्याचे लक्षात आले. त्याच लग्नात एका वयनीने चारचौघींत ‘कितें गो, एकदम म्हातारी दिसपाक लागल्या तूं!’ असे म्हटले होते. तेव्हापासून फोटोची वेळ आली की त्या मागच्या रांगेत सरकतात किंवा मुद्दाम वाढायला उठतात. यंदा चवथीला गणपतीपुढच्या फुगड्यांतून त्यांनी गुडघ्याचे निमित्त सांगून अंग काढून घेतले. गुडघा ठणठणीत होता. येत्या पौषात धालोंना, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या खेळाला, जायचे नाही असे आताच ठरवून ठेवले आहे. कपडे बदलताना त्या दिवा मालवतात, नवऱ्यापासून वेगळ्या झोपतात. मार्गशीर्षात मुलीचा साखरपुडा आहे आणि मुलीचे म्हणणे, ‘आई, निदान केस तरी रंगव.’ पत्राच्या अखेरीस त्या विचारतात, ‘ज्या बायकांना खरी दुःखे आहेत त्यांच्यापुढे माझे हे रडगाणे म्हणजे निव्वळ थेर नव्हेत का? आणि केस रंगवू की नको?’

सप्रेम नमस्कार.

थेर मुळीच नव्हेत. ज्या शरीराने तुम्ही तीस वर्षे बस पकडली, मूल वाढवले, देवळात आणि कार्यालयात वावरलात, ते दोनच वर्षांत अनोळखी वाटू लागले तर मनाला लागणारच. शेजारणीचे दुःख मोठे आहे म्हणून आपले आपोआप लहान होते असेही नाही. फार तर ते बोलण्याची चोरी होते, आणि तुमची तशीच झालेली दिसते. ‘वय म्हणजे केवळ आकडा’ असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही, कारण ते खरे नाही. तुमच्या डोळ्यांना जे दिसले ते बरोबर दिसले आहे. ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा’ हा हल्ली उठताबसता कानावर पडणारा उपदेशही मी करणार नाही, कारण नोकरी, घर आणि मुलीचे कार्य सांभाळणाऱ्या बाईला प्रेम करण्याचे आणखी एक काम लावून देण्यात मला अर्थ दिसत नाही. शरीर आवडले नाही तरी चालेल. माझी हरकत आहे ती तुम्ही ज्या ज्या जागा सोडत चालला आहात त्यांना: फोटो, फुगडी, धालो, दिव्याचा उजेड, नवऱ्याशेजारची उशी. चार-पाच महिन्यांत ही यादी एवढी लांबली आहे, आणि ती अशीच वाढू दिली तर तिला अंत नाही.

आधी शरीराविषयी, कारण तुमच्या पत्रात ‘माझेच काहीतरी चुकले, मी स्वतःकडे लक्ष दिले नाही’ असा सूर वारंवार येतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय ४६ ते ४७ आहे, म्हणजे पन्नाशीत पाळी जाणाऱ्या तुम्ही सरासरीपेक्षा उशिराच तेथे पोहोचलात. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने कमी होते. त्यामुळे आधी मांड्या व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते, आणि वजनाचा काटा फारसा हललेला नसतानाही साडीच्या निऱ्या पूर्वीसारख्या बसत नाहीत. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के घटते. इस्ट्रोजेन उतरले की शरीरात मुळात थोड्याच प्रमाणात असणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचे पारडे तुलनेने जड होते, म्हणून हनुवटीवर केस येतात आणि माथ्यावरचे विरळ होतात. यांपैकी कोणतीही गोष्ट तुमच्या आळसामुळे घडलेली नाही. ती तुमच्या बहिणीच्या, कचेरीतल्या सहकारी बायकांच्या आणि त्या वयनीच्याही अंगावर घडली आहे किंवा घडणार आहे.

तरीही दोन गोष्टी ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. केस विरळ होण्यामागे थायरॉइड किंवा रक्तातील लोहाची कमतरता असू शकते आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. वयाच्या नावावर खपून जाणारे हे दोन्ही त्रास गोळीने आटोक्यात येतात. दुसरी गोष्ट पोटाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मधुमेह-पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात आढळले, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून अधिक. पोटाभोवतीच्या चरबीचा मधुमेहाशी जवळचा संबंध आहे आणि भारतीय स्त्रीसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असा डॉक्टरांचा दंडक आहे. म्हणून पोटाकडे पाहायचेच असेल तर आरसा बाजूला ठेवून शिंप्याची टेप घ्या, नाभीच्या किंचित वर मोजा, आकडा लिहून ठेवा आणि साखर, रक्तदाब व थायरॉइड तपासून घ्या. आरसा तुम्हाला लाज देतो आणि पुढे काय करायचे ते सांगत नाही. टेप निदान डॉक्टरांकडे न्यायला एक आकडा तरी देते.

स्नायूंबद्दल आपल्या बायकांत फारच कमी बोलले जाते, म्हणून येथे थोडी थांबते. तिशीनंतर दर दशकात स्नायू काही टक्क्यांनी घटतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडेही वेगाने विरळ होऊ लागतात. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. सैल दंडाचे दुःख दिसण्याचे आहे, पण त्या दंडात ताकद उरली नाही तर साठीनंतर न्हाणीघरात पाय घसरल्यावर सावरणे कठीण जाईल, आणि कमरेचे हाड मोडणे ही गोष्ट किती महागात पडते हे तुम्ही आपल्याच वाड्यावर पाहिले असेल. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर चालता हे चांगले आहे, तेवढ्याने भागणार नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना भार द्यावा लागतो. त्यासाठी जिमच हवी असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. हे सगळे पोट आत जाईल म्हणून करू नका, कारण ते गेले नाही तर महिनाभरात तुम्ही सोडून द्याल. दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत धाप न लागता पोहोचलात की फरक कळेल.

ताटाविषयी एकच सांगते. आपल्याकडे शीत-कढीचा ढीग मोठा आणि नुस्त्याची फोड लहान, त्यातही चांगली फोड नवऱ्याच्या आणि मुलांच्या पानात, अशी रीत आहे. ती उलटी करा. भात कमी, मासळी आणि डाळ-उसळ जास्त. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि नाचणी या दोन्हींत कॅल्शियम भरपूर असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. तुम्ही विचारलेली कोलॅजेनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते. ती जशीच्या तशी गालावर जाऊन बसत नाही. तेवढ्या पैशांत म्हापशाच्या बाजारात पुष्कळ बांगडे येतील.

आता त्या व्हिडिओकडे वळते. तुमच्या आईने आयुष्यात स्वतःची पाठ किती वेळा पाहिली असेल? कुंकू लावण्यापुरता हातभर आरसा, लग्नाच्या अल्बममधले निवडक फोटो, पुढे कधी एखाद्या मुंजीत छायाचित्रकाराने ‘हसा’ म्हटल्यावर काढलेला एखादा. आपली पिढी ही स्वतःला मागून, बाजूने, घास तोंडात असताना, दर कार्याच्या दुसऱ्या दिवशी शेकडो फोटोंत पाहणारी पहिली पिढी आहे, आणि नेमकी याच वयात तिच्यावर ही वेळ आली. शिवाय मोबाइलचा कॅमेरा जवळून धरला की जे त्याच्या पुढे असते ते मोठे दिसते, मग ते नाक असो वा दंड. एवढ्या फोटोंची सवय कोणत्याच पिढीला नव्हती, म्हणून तुम्हाला बसलेला धक्का मला समजतो. मात्र येथे एक पथ्य पाळावे लागेल: जुन्या बायका आपल्या शरीराबाबत समाधानी होत्या आणि आपणच बिघडलो, असे म्हणून उसासा टाकायचा नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अंग (गर्भाशय) बाहेर आलेल्या बायका वर्षानुवर्षे कमरेला कापड आवळून तुळशीवृंदावन सारवत राहिल्या आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडले नाही, त्याला समाधान म्हणण्याचे धाडस माझ्याने होत नाही.

वयनीच्या बोलण्याला मी फार महत्त्व देणार नाही, पण एक नमूद करते. त्याच मांडवात कितीतरी पुरुष पोट सुटलेले आणि टक्कल पडलेले असतील. त्यांना कोणी काही म्हटले असते तर ‘खाऊनपिऊन सुखी दिसता’ असेच. बाईने मात्र पन्नाशीतही तिशीची दिसावे आणि तशी दिसली तर ‘हिला काही कामधंदा नाही’ हेही ऐकावे. पुढच्या वेळी कोणी असे म्हटले तर ओशाळून हसू नका. ‘हय गो, बावन्न वर्सां जालीं म्हाका’ एवढे म्हणा आणि तिच्या मुलांची चौकशी करा. खजील होण्याची पाळी मग तिच्यावर येते.

नवऱ्याविषयी तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या दूर राहण्यामागे शरीराची लाज आहे हे तुम्ही लिहिलेत, पण वेदना आहे का हे लिहिले नाही. इस्ट्रोजेन घटल्यामुळे योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, संबंधाच्या वेळी आग होते, लघवीचा त्रास वारंवार होतो. आणि अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा काही वर्षांत ओसरतात तसा हा त्रास आपोआप जात नाही, उलट वाढतो. अनेक बायका तो मुकाट्याने सोसतात आणि ‘आता या वयात कसली हौस’ असे सांगून वेळ मारून नेतात. यावर साधे उपाय आहेत: ओलावा देणारी जेल औषधाच्या दुकानात मिळते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने केवळ त्या जागी लावायची इस्ट्रोजेनची क्रीम वापरता येते, जिचा फार थोडा अंश रक्तात जातो. हा त्रास असेल तर तो लाजेचा विषय राहत नाही, उपचाराचा होतो. नसेल, केवळ लाजच असेल, तरी नवऱ्याला त्याचे कारण ठाऊक नाही हे ध्यानात घ्या. तुम्ही त्याच्या नजरेत उतरला आहात असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमची उशी दुसऱ्या खोलीत गेल्याचा त्यानेही काहीतरी अर्थ लावलाच असेल, आणि तो तुमच्या पोटाशी संबंधित असण्याची शक्यता मला कमीच वाटते. ‘मला माझेच अंग बघवत नाही, म्हणून मी दूर झोपते, तुमच्यावर राग नाही’ हे एक वाक्य एकदा उच्चारा. तो काय उत्तर देईल याची हमी मी घेऊ शकत नाही, परंतु निदान दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असाल.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा संप्रेरकांच्या गोळ्यांविषयीही विचारा, कारण मैत्रिणीने तुम्हाला ‘त्याने कॅन्सर होतो’ असे सांगून घाबरवले आहे. ही भीती मुख्यतः २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानंतर पसरली. त्यातील बऱ्याच स्त्रिया साठी उलटलेल्या होत्या, आणि पुढे त्याच माहितीचा फेरविचार झाल्यावर चित्र बदलले: साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला गरम वाफांचा व झोपमोडीचा फारच त्रास असेल तर बहुधा धोक्यापेक्षा फायदा अधिक ठरतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असेल तर मात्र त्या देत नाहीत. आणि केवळ तरुण दिसण्यासाठी त्या कोणीच घेऊ नयेत. त्याच भेटीत स्तनांची तपासणी करून घ्या. २०२१ पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या उपक्रमातून राज्यात ती अनेकींची विनामूल्य झाली आहे. आणि पाळी गेल्यानंतर कधीही, अगदी एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ‘परत आली वाटते’ म्हणून थांबू नका.

एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आरशापुढून दूर गेल्यावर मन दुसरीकडे रमते का? की दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नाही, झोप उडाली आहे, सकाळी उठण्यात अर्थ नाही असे वाटते? रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो आणि ते कधी कधी शरीराच्या तिरस्काराच्या रूपाने समोर येते. तसे असेल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर आधी बोलून घ्या. तुमच्या पत्रात मुलीच्या साड्या, पाहुण्यांची यादी यांविषयी जो उत्साह दिसतो त्यावरून मला तसे वाटत नाही, पण एवढ्या अंतरावरून मी ते ठामपणे सांगू शकत नाही.

सोडलेल्या जागांपैकी पहिली परत घेण्यासारखी जागा म्हणजे धालोंचा मांड, जेथे ते खेळतात ते अंगण. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीला हात गुंफलेले असतात, कमरेत वाकत एक रांग पुढे येते आणि दुसरी मागे जाते. तेथे पुरुष खेळत नाहीत आणि कोणी कोणाचा घेर मोजत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या बायकांनी तुम्हाला धरून ठेवलेले असते. शिवाय गाण्याचा पुढचा चरण आठवतो तो पन्नाशी-साठीच्या बायकांनाच. लग्न होऊन आलेल्या सुना तुमच्या तोंडाकडे पाहून शब्द उचलतात. तुमच्या आईकडून आलेली गाणी तुम्हाला पाठ आहेत असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. पोट सुटले म्हणून तुम्ही गेला नाहीत तर ती गाणी त्या वर्षी म्हटली जाणार नाहीत. यंदा चवथीला गुडघ्याचे निमित्त केलेत ते केलेत. मांडावर मात्र खरोखर गुडघा दुखला तरी रांगेच्या टोकाला उभे राहून गाता येते.

कपाटाचाही निकाल लावा. जुन्या रेशमी साड्यांवरचे ब्लाऊज आता होत नाहीत, आतली माया दोनदा सोडवून झाली, तरी ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून ते तुम्ही जपून ठेवले आहेत. म्हणजे रोज सकाळी सातच्या बसच्या आधी, घाईत, काखेत रुतणाऱ्या हुकांशी झटापट करत तुम्ही दिवसाची सुरुवात पराभवाने करता. आजच्या मापाचे चार ब्लाऊज शिवून घ्या, शिंपिणीला माप नव्याने घ्यायला सांगा, जुन्यावरून कापू देऊ नका. साखरपुड्याची साडीही त्याच मापावर बेता. जुने ब्लाऊज मुलीला होत असतील तर तिला देऊन टाका.

राहिला केसांचा प्रश्न. रंगवणे ही लबाडी नाही आणि न रंगवणे ही क्रांती नाही. प्रश्न एवढाच की ते कोणासाठी आणि किती दिवस निभवायचे आहे, कारण एकदा रंगवले की दर महिन्याला मुळाशी पांढरी रेघ उमटते आणि तिचे लचांड मागे लागते. मुलीला विचारा, ‘तुला माझे पांढरे केस खटकतात की सासरचे काय म्हणतील याची भीती वाटते?’ दुसरे असेल तर ती भीती तिचीच आहे आणि ती तुमच्या डोक्यावर कलप लावून जाणार नाही. तिच्याशी त्याबद्दल बोला. तुम्हाला स्वतःलाच त्या दिवशी काळे केस हवे असतील तर खुशाल रंगवा, मात्र आधी चाचणी घ्या. बहुतेक कलपांत, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांतही, पीपीडी नावाचे रसायन असते, त्याने कोणाकोणाला डोळे सुजेपर्यंत पुरळ उठते, आणि पूर्वी सोसले म्हणून यंदा सोसेलच असे नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबा. ही चाचणी साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात करू नका, दिवाळी संपताच करा, म्हणजे अंगावर काही उठलेच तर विचार बदलायला हाताशी वेळ राहील.